वाई आणि मेणवली : घाटांसाठी जा, घाईत जाऊ नका

महाबळेश्वरला जाता जाता वाईत ढोल्या गणपतीला हात जोडून पुढे पळणाऱ्यांसाठी खास लिहितेय. देऊळ १७६२चं, पेशव्यांचे सरदार असलेल्या रास्ते घराण्याने बांधलेलं. मूर्ती भव्य आहेच, पण आवर्जून मागच्या बाजूला जा. तिथली भिंत माशाच्या आकारात निमुळती केलीय, कृष्णेचा पूर आला की पाणी दुभंगून दोन्ही अंगांनी जावं म्हणून. माझे बाबा निवृत्त ओव्हरसियर. त्या भिंतीपाशीच ते सर्वांत जास्त रमले. शेजारच्या काशीविश्वेश्वराचा नंदीही बघाच.

मेणवली तिथून तीनेक किलोमीटर. नाना फडणवीसांचा वाडा, त्यातली भित्तिचित्रं आणि खाली नदीवर उतरणारा घाट. घाटावरच्या देवळाजवळ मोठी पोर्तुगीज घंटा टांगलीय. चिमाजीअप्पांनी १७३९मध्ये वसई जिंकल्यानंतर आलेल्या घंटांपैकी ही एक. नीट पाहिलंत तर तिच्यावर बाळ येशूला घेतलेली मेरी दिसते. आम्हाला घेऊन गेलेला रिक्षावाला मात्र फक्त शूटिंगच्या जागा दाखवत होता. घंटेबद्दल चकार शब्द नाही, याचं खरंच वाईट वाटलं.

पायऱ्या उंच आहेत, कठडा नाही. गुडघे दुखत असतील तर काठी न्या. पायऱ्यांवर प्लास्टिक आणि निर्माल्य टाकणाऱ्यांनी थोडी तरी लाज बाळगावी. रविवार टाळा, सकाळी आठच्या आत पोहोचा, आणि पावसाळ्यात पाण्याच्या जवळ अजिबात उतरू नका.