मित्सुरीचा ड्रेस सांगलीत शिवून घेतला, ड्रेपरीवाल्या काकांचा रिव्ह्यू

चार स्टार देतीय, पाचवा का कापला ते खाली येईलच.

मुंबईच्या कॉमिक कॉनला मला मित्सुरी कानरोजी करायची होती, म्हणजे तिचा वेश करून जायचं होतं. डीमन स्लेयर ही जपानी ॲनिमे मालिका बघणाऱ्यांना सांगायला नको, बाकीच्यांसाठी सांगते, राक्षस मारणाऱ्यांच्या फौजेतली एकदम वरच्या फळीतली पोरगी, गुलाबी केस टोकाला पोपटी होत गेलेले, तीन वेण्या, दोन्ही डोळ्यांखाली एकेक तीळ, कायम कुणाचं तरी कौतुक करत लाजत हसत असती आणि ताकद म्हणाल तर स्नायू साध्या माणसाच्या आठपट घट्ट. जेमतेम वर्षाची होती तेव्हा आईला मदत म्हणून लोणच्यावर ठेवायचा १५ किलोचा दगड उचललेला तिनं.

पहिल्यांदा ऑनलाइन मागवला. सतराशे रुपये, आणि हातात काय आलं तर वीतभर स्कर्ट आणि वरचा पांढरा हाओरी (जपानी सैलसर कोट) असल्या चमकणाऱ्या सॅटीनचा की ट्यूबलाइटखाली मिठाईच्या बॉक्सचा कागद वाटावा. खांद्यात इतका आवळला की हात वर केला की दंडात शिवण करकरायची. परत केला. मग आईच म्हणाली, अगं शाळेच्या गॅदरिंगला तुझा जिजाऊचा ड्रेस जिथनं आणलेला तिथं विचार की, गावभागात.

दुकान म्हणजे एक लांबलचक खोली, पाटी नाही, भिंतीला गदा, मुकुट, जिरेटोप, आणि खुंट्यांवर दोन फूट उंच राक्षसांच्या जटा. सांगलीत राक्षस काय नवीन नाहीत म्हणा, १८४३ ला विष्णुदास भाव्यांनी इथं सीता स्वयंवर नाटक केलं तेव्हापासनं आपल्याकडं राक्षसपार्टी आहेच. काकांना मोबाईलवर फोटो दाखवला. त्यांनी कापडाचं, मापाचं काही विचारलं नाही, चष्मा कपाळावर सरकवून म्हणाले, "स्वभाव कसाय हिचा?"

मी म्हटलं, म्हणजे ओ काका?

"अगं बाळ, रडकी हाय, रागीट हाय, का हसरी? हसरी बाई हात मोकळे टाकून चालती, तिला खांद्यात सैल लागतं. रागीट असली तर घट्ट चालतंय."

इथंच मी ऑर्डर देऊन टाकली खरं तर.

आता मित्सुरीच का, हे मला घरी पण पंचवीस वेळा विचारलं. त्याआधी मी एकदा अटॅक ऑन टायटनमधली मिकासा केली होती, भारी कॅरेक्टर आहे, पण दिवसभर तोंड पाडून उभं राहायचं, कुणी जोक मारला तरी हसायचं नाही, संध्याकाळी गाल दुखायला लागले. मित्सुरीत ते नाही, ती लढताना पण खुशीत असती. आणि तिची जी मागची गोष्ट आहे ना ती तर आपल्याकडचीच वाटती. तिला बघायला एक मुलगा आला होता, तिची ताकद, तिचं खाणं आणि ते केस बघून नको म्हणाला, वर म्हणाला हिच्याशी अस्वल, रानडुक्कर नाहीतर बैलच लग्न करेल. मग हिनं केस काळे केले, कमी जेवायला लागली, ताकद नसल्याचं नाटक केलं आणि मग लग्नाला तयार असलेला एकजण आला. तेव्हा तिच्या डोक्यात आलं की आयुष्यभर हे असंच करायचं का, आणि गेली राक्षस मारायला. माझ्या एका कार्यक्रमात मी पोह्यांची दुसरी प्लेट घेतली आणि जरा मोठ्यानं हसले तर आठवड्यानं निरोप आला, मुलगी फारच मोकळी आहे. तर कळलं का मित्सुरीच का.

बरं, कामाचं. हाओरीला काकांनी पॉपलीन वापरलं, जराही चमक नाही, फोटोत एक नंबर. स्कर्ट टेरीकॉटचा, कारण कॉटनच्या प्लीट्स प्रवासात मोडतात. युनिफॉर्मचा गळा ओरिजिनलमध्ये भलताच उघडा आहे, तो मी बंद करून घेतला, ज्यांना नाक मुरडायचंय त्यांनी मुरडावं. टोप मात्र खरी कमाल. गुलाबी टोप त्यांच्याकडं एका परीचा पडलेला होता, पण त्या केसांवर आपला साधा डाय बसतच नाही, मग काकूंनी पोपटी गंगावन आणून तिन्ही वेण्यांत खालून असं गुंफलं की जोड शोधून सापडत नाही. तलवार तिची पट्ट्यासारखी लवचिक असती आणि आत धातूचं काही नेता येत नाही, ती मी प्लायवूडच्या एज बँडची केली, हार्डवेअरवाल्याकडं मीटरवर मिळतो. हिरवे उभ्या पट्ट्यांचे मोजे मात्र काकांकडं नाहीत, फुटबॉलच्या लांब मोज्यांवर फॅब्रिक पेंट मारला.

आता पाचवा स्टार. मंगळवारी देतो म्हणाले आणि दिला शुक्रवारी संध्याकाळी, मुंबईची महालक्ष्मी एक्सप्रेस पकडायच्या दोन तास आधी, तेही हाओरीला कच्चे टाके तसेच. रात्री बर्थवर बसून मी नेलकटरनं टाके उसवत होते आणि समोरच्या आजी टोप मांडीवर घेऊन बसलेल्या, जपून, मांजर असल्यासारखा.

पण खांदा! दिवसभर हात वर करून पोज दिल्या, मैत्रिणीला पाठुंगळी घेऊन फोटो काढला, कुठं ओढ नाही.

टोप आणि गंगावन भाड्यानं ४५० पडलं, डिपॉझिट हजार, पूर्ण परत मिळालं. स्कर्ट-हाओरीची शिलाई कापड धरून १८००. डिसेंबर-जानेवारीत जाऊ नका, सगळ्या शाळांची गॅदरिंग असतात, मावळ्यांच्या गर्दीत तुमच्याकडं कोण बघत नाही. आणि रोख घेऊन जा, काकांचा फोन बटणाचा आहे.