स्क्रॅच करून बघितलं होतं

आमच्या घरी दूध गंगावेशीतून येतं. कोल्हापूरकरांना हे वेगळं सांगायला नको. कट्ट्यावर म्हशी आणून बांधतात, तुमच्यासमोर धार काढतात आणि फेसासकट ग्लास हातात देतात. पाणी घालायला मधे जागाच नाही. वडील किटली घेऊन जायचे, आता मी जातो. दुधाच्या बाबतीत आम्ही एवढे संशयी, आणि त्याच दुधाच्या निवळीची प्रोटीन पावडर मी जिमच्या पार्किंगमध्ये, गाडीच्या डिकीतून, बिल न घेता, तीन वेळा विकत घेतली. ४,२०० रुपयांचा एक डबा. १२,६०० रुपये गेले.

मूर्खासारखी घेतली असती तर गप्प बसलो असतो. पण मी तपासून घेतली होती, म्हणून लिहितोय.

माझं वय ४६. मागच्या वर्षी साखर काठावर निघाली, एचबीए१सी (तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी) ५.९. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, थोडं वजन उचला आणि जेवणात प्रोटीन वाढवा. ७२ किलो वजनाला दिवसाला ६० ग्रॅम तरी हवं. घरी हिशेब केला. चपाती, आमटी, भात, दोन ग्लास दूध. पंचेचाळीसच्या पुढं आकडा सरकेना. तांबडा-पांढरा काय रोज होत नाही.

जिममधल्या ट्रेनरला विचारलं. पोरगा गुणी, पहाटे साडेपाचला हजर. म्हणाला, "सर, सोपं आहे. व्हे घ्या." व्हे म्हणजे तीच निवळीची पावडर. एका नावाजलेल्या अमेरिकन कंपनीचा दोन किलोचा डबा ऑनलाइन ६,४०० ला दिसत होता. तो ४,२०० ला देणार होता. "डायरेक्ट इंपोर्टरकडून येतं सर. बिल लावलं की टॅक्स लागतो, म्हणून बिल नाही."

हे वाक्य ऐकून तिथूनच परत फिरायला हवं होतं. मी फिरलो नाही, कारण मला डबा तपासायची घाई झाली होती. होलोग्राम होता. मागं इंपोर्टरचं नाव-पत्त्याचं स्टिकर होतं. झाकणाखालच्या सीलवर कंपनीचं नाव छापलेलं. चंदेरी पट्टी नाण्याने खरवडली, आत आकडे निघाले. शेजारचा क्यूआर कोड मोबाइलवर धरला, कंपनीची वेबसाइट उघडली, आकडे टाकले. हिरवी खूण आली, "अभिनंदन, आपलं उत्पादन अस्सल आहे." वर ट्रेनरने व्हॉट्सअॅपवर लॅबचा रिपोर्टही पाठवला, ८१ टक्के प्रोटीन. आता माणसाने आणखी काय बघायचं?

चव मात्र एक नंबर. थेट मिल्कशेक. गोड लागायची, दाट व्हायची, तक्रार करायचं सुचलंच नाही. जूनमध्ये पहिला डबा, ऑगस्टमध्ये दुसरा, दसऱ्याच्या आधी तिसरा. दिवाळीनंतर रक्त तपासलं तर एचबीए१सी ६.३. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "नवीन काय सुरू केलंत?" सगळं खापर डब्यावर फोडता येणार नाही, मधे दिवाळीचा फराळही होता. पण मी प्रोटीनचं नाव घेतल्यावर त्या म्हणाल्या, "डबा एकदा कुणाला तरी दाखवा."

भाचा केमिस्ट्रीत एमएस्सी करतोय. त्याला तिन्ही डबे दाखवले. रिकामे दोन बायकोने ठेवले होते, एकात शेंगदाणे, एकात नाचणीचं पीठ.

"मामा, बॅच नंबर बघितला का हो?"

तीन डबे, चार महिन्यांत घेतलेले. तिन्हींवर एकच बॅच, एकच तारीख.

मग त्याने क्यूआर स्कॅन केला आणि मला म्हणाला, "आता कोडच्या जागी तुमचा मोबाइल नंबर टाका." टाकला. हिरवी खूण. अभिनंदन. मग माझी जन्मतारीख टाकली. तीही अस्सल निघाली! वेबसाइटचा पत्ता नीट वाचला तर कंपनीच्या नावापुढं एक आडवी रेघ आणि एक जादा शब्द. पान दिसायला हुबेहूब.

त्याने चमचाभर पावडर पाण्यात ढवळून त्यात आयोडीनचे थेंब टाकले. ग्लास शाईसारखा निळा-काळा झाला. म्हणजे आत पिष्ट, स्टार्च. दुधाच्या निवळीत पिष्ट येणार कुठून? ही चाचणी घरी करणार असाल तर दोन गोष्टी. तो ग्लास ओतून द्यायचा. आणि रंग आला नाही म्हणून डबा शुद्ध ठरत नाही, कारण भरीला माल्टोडेक्स्ट्रिन (पिष्टापासूनच बनवलेली पावडर) असलं तर रंग फिका तांबूस येतो किंवा येतही नाही. ते पोटात गेलं की साखर मात्र भराभर वाढवतं.

मी सगळं तपासलं होतं खरं, पण तपासायची एकूण एक साधनं त्याच डब्यावरची होती, आणि रिपोर्ट विकणाऱ्याने पाठवलेला. चोरालाच जाऊन विचारत होतो, बाबा रे, माल चोरीचा आहे का?

डब्याबाहेरचं साधन एकच होतं आणि ते मी वापरलंच नव्हतं. अन्नपदार्थाच्या लेबलवर एफएसएसएआयचा, म्हणजे केंद्राच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाचा, परवाना क्रमांक असतो, तो १४ आकडी. एफएसएसएआयच्या फॉसकॉस पोर्टलवर आपण स्वतः जाऊन तो टाकायचा. परवाना कुणाच्या नावावर आणि चालू आहे का, ते कळतं. मी माझ्या डब्यावरचे आकडे मोजले. तेरा.

ट्रेनरला गाठलं. आधी म्हणाला, "असं होऊच शकत नाही." मग म्हणाला, "मी पण तेच पितो सर." मग हळूच, "दुसरा डबा देतो, ग्रुपवर नका टाकू." त्याला डब्यामागे किती सुटत होते ते त्याने सांगितलं नाही. तोही फसला होता का? माझं मन अजून एकदा हो म्हणतं, एकदा नाही.

अन्न व औषध प्रशासनाकडे तक्रार दिली. हातात बिल नाही, यूपीआयचे पैसे कुणा तिसऱ्याच्या खात्यात गेलेले, डबा फोडलेला. तिथं एक गोष्ट नव्याने कळली. २००६ च्या अन्न सुरक्षा कायद्याच्या कलम ४० खाली कुणीही ग्राहक फी भरून आपण घेतलेला माल अन्न विश्लेषकाकडून तपासून घेऊ शकतो. अट एवढीच, की घेतानाच विकणाऱ्याला सांगायचं, मी हे तपासायला देणार आहे. पुढच्या वेळी तपासायला द्यायचं असो-नसो, हे वाक्य बोलून बघणार आहे. डिकी कशी बंद होते ते बघायचंय.

आता अस्सल डब्यांबद्दल, कारण तिथंही सगळं आलबेल नाही. २०२४ मध्ये केरळमधल्या डॉक्टरांच्या पुढाकाराने भारतातल्या ३६ प्रोटीन पावडरी तपासल्या गेल्या. जवळपास ७० टक्क्यांवर प्रोटीनची माहिती चुकीची निघाली. भाच्याने यातली ग्यानबाची मेख सांगितली. प्रोटीन बहुधा थेट मोजत नाहीत, नायट्रोजन मोजून त्याला ठरावीक आकड्याने गुणतात. त्यामुळे ग्लायसिन, टॉरिन अशी नायट्रोजन असलेली स्वस्त अमिनो आम्लं मिसळली की आकडा आपोआप फुगतो. २००८ मध्ये चीनमध्ये दुधात मेलामाइन हे नायट्रोजन असलेलं औद्योगिक रसायन घातलं गेलं, ते याच पळवाटेने. म्हणून घटकांच्या यादीत ही नावं वेगळी दिसली तर मी डबा परत ठेवतो.

दुसरं, किंमत डब्याची बघू नका, प्रोटीनच्या ग्रॅमची बघा. ३० ग्रॅमच्या स्कूपमध्ये २४ ग्रॅम, म्हणजे ८० टक्के. दोन किलोत १,६०० ग्रॅम. ६,४०० रुपयांना ग्रॅमला चार रुपये पडले. मोठ्या अक्षरात 'मास' लिहिलेला, वजन वाढवायचा स्वस्त डबा याच हिशेबाने बघा, बऱ्याचदा त्यात निम्म्याहून जास्त कर्बोदकंच असतात. अंड्यात सहा ग्रॅम असतं, सात-आठ रुपयांत. हा हिशेब मी आधी केला असता तर डिकीपर्यंत गेलोच नसतो. सध्या दोन अंडी, मूठभर सोयाबीन आणि गंगावेशीची किटली, साठ ग्रॅम होतात.

परवा जिमच्या पार्किंगमध्ये अकरावी-बारावीतला एक पोरगा नवा कोरा डबा मांडीवर घेऊन चंदेरी पट्टी खरवडत बसला होता. ट्रेनर आत होता. मी पोराजवळ जाऊन म्हटलं, "कोड राहू दे. तुझा मोबाइल नंबर टाकून बघ."