मुलग्यांसाठी 'वयात येताना' वर्कशॉप, कोथरूड: आतलं एक नंबर, बाहेरचा स्टॉल टाळा

10 ते 13 वयाच्या मुलग्यांसाठी शनिवारी सकाळी अडीच तासांचं वर्कशॉप, सोबत आई किंवा बाबा कोणीतरी एक कंपल्सरी, दोघांचे मिळून 600 रुपये. आयोजकांचं नाव टाकत नाहीये कारण खाली तक्रारपण आहे. पण जा, बिनधास्त जा.

मुलींना शाळेत निदान एकदा तरी कोणीतरी येऊन सांगून जातं, पोरांच्या बाबतीत मात्र "मोठा झाला की कळेल" एवढ्यावरच सगळा कारभार. आणि मुलग्यांचं वयात येणं साधारण 9 ते 14 मध्ये कधीही सुरू होतं त्यामुळे सहावीच्या एकाच बाकावर एकाचा आवाज फुटलेला आणि शेजारचा अजून चिमणीसारखा बोलतोय असं असतं, आणि दोघंही आपलंच काहीतरी बिघडलंय असं धरून चालतात.

डॉक्टर मॅडमनी सुरुवात केली घामापासून, लाजण्यासारखं काही नसल्यामुळे पोरं लगेच मोकळी झाली. घामाला स्वतःचा फारसा वास नसतोच म्हणे, या वयात काखेतल्या आणि जांघेतल्या वेगळ्या ग्रंथी कामाला लागतात आणि त्या घामावर त्वचेवरचे बॅक्टेरिया तुटून पडतात, वास येतो तो त्यामुळे. मग न धुतलेल्या काखेत डिओ मारला तर काय होणार, तर वास अधिक डिओ! आधी साबण, मग कोरडं पुसणं, मग हवा तर डिओ. घाम कमी करणारा अँटिपर्स्पिरंट वेगळा आणि नुसता सुगंधाचा डिओ वेगळा, हे मलाच पहिल्यांदा कळलं.

सगळ्यात भारी भाग चड्डीचा. म्हणजे पुण्यातल्या पावसाळ्यातली चड्डी, चार दिवस दोरीवर लटकूनसुद्धा दमट ती दमटच, आणि पोरगं घाईत तीच चढवून शाळेत, वर क्लास, वर फुटबॉल. मग जांघेत गोल लाल चट्टे, खाज, आणि घरात कोणाला सांगायची लाज म्हणून मेडिकलमधून कुठलीतरी ट्यूब. मॅडम इथे जाम चिडून बोलल्या, त्या मिक्स मलमांमध्ये स्टेरॉईड असतं, खाज दोन दिवसात थांबते पण बुरशी आत पसरत राहते आणि नंतर बरी करायला महिने लागतात. उपाय काय, तर चड्डी रोज बदलायची, दमट वाटली तर इस्त्री फिरवायची, जांघ टॉवेलने टिपून कोरडी करायची आणि टॉवेल स्वतःचा वेगळा. खालची सफाई नुसत्या पाण्याने, कातडी जेवढी सहज मागे जाते तेवढीच, ओढाताण अजिबात नाही. रात्री झोपेत वीर्य येऊन चादर ओली झाली तर घाबरायचं काही नाही, उठून चादर मशीनमध्ये टाकायची, आणि त्यासाठी मशीन लावता आलं पाहिजे! आमच्याकडे आता रविवारचं मशीन चिरंजीव लावतात.

चिठ्ठ्यांचा राउंड झाला, पोरांनी नाव न घालता प्रश्न लिहून बिस्किटाच्या डब्यात टाकायचे. एक चिठ्ठी होती, "आई अजून मला आंघोळ घालते, तिला नको कसं सांगू". हॉलमधल्या तीनचार आया एकदम मोबाईलमध्ये बघायला लागल्या. मॅडमनी पोरांकडून वाक्य पाठच करून घेतलं, "आई, माझं मी करतो, पाठीला तेल तेवढं लावून दे". आणि पालकांना वेगळं बसवून सांगितलं की बाथरूमची कडी आतून लागली पाहिजे, दार वाजवून थांबायचं, आणि याला मिसरूड फुटली ही बातमी आत्या-मावश्यांच्या ग्रुपवर टाकायची नाही. मोबाईल मात्र रात्री हॉलमध्येच चार्जिंगला. कोणी अंगाला हात लावून "घरी सांगू नकोस" म्हणालं तर त्याच दिवशी घरी सांगायचं, घरी जमत नसेल तर 1098 ही मुलांसाठीची हेल्पलाइन, फुकट आणि चोवीस तास. मुलग्यांच्या बाबतीतही पॉक्सो (बालकांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धचा कायदा) लागू होतो हे काही बाबांना नवीन होतं.

पाळीबद्दलही पोरांना सांगितलं हे मला फार आवडलं. वापरलेलं पॅड कागदात गुंडाळून वर लाल ठिपका काढायचा, कारण कचरा वेगळा करताना ते हाताने उघडायची वेळ कचरावेचक ताईंवर येते, पुण्यात 'स्वच्छ' या कचरावेचकांच्या सहकारी संस्थेने 2017 मध्ये सुरू केलेली मोहीम आहे ही. आमच्या सोसायटीत अजून निम्म्या घरांना माहीत नाही.

आता तक्रार. आत मॅडम सांगतायत साधा साबण-पाणी बास, आणि बाहेर दारातच 899 रुपयांचं 'टीन किट' विकायला ठेवलेलं, त्यात फेसवॉश, वाइप्स, खालच्या भागाचा वेगळा वॉश, काय न काय, आणि विकणारा मुलगा थेट पोरांनाच गाठत होता. एकाने तर हट्ट करून घेतलंच. शिवाय पिंपल्सचा भाग दहा मिनिटांत गुंडाळला, सगळ्यात जास्त हात तर त्यालाच वर होते. स्लाइड्स सगळ्या इंग्रजीत, मॅडम बोलतायत मराठीत, मागच्या रांगेला काही वाचता येत नव्हतं.

बाबा लोक मोजकेच होते. निदान मुलग्यांच्या बॅचला तरी बाबांनी यावं, पार्किंग समोरच्या गल्लीत मिळतं आणि वडापाव आयोजकांकडून असतो.