खापरी मेट्रो स्टेशन : जायला झकास, यायला गणेशपेठच बरं

आम्ही वर्धा जिल्ह्यात, समुद्रपूर तालुक्यातले. नागपूरला जायचं म्हणजे जाम चौकात उभं राहायचं, हिंगणघाट नाहीतर चंद्रपूरकडून येणारी एसटी धरायची आणि थेट गणेशपेठच्या एसटी स्टँडला उतरायचं. 2019 च्या मार्चमध्ये खापरी ते सीताबर्डी मेट्रो सुरू झाली तेव्हा आमच्या गावात कोणाला तिचं काही पडलं नव्हतं. माझी मात्र शंकरनगर-धरमपेठकडे हळदीची गिऱ्हाइकं बांधलेली आहेत, त्यामुळे हे स्टेशन आता चांगलंच ओळखीचं झालंय. हायवेनं दक्षिणेकडून येणाऱ्यांसाठी हे लिहिते. शहरातल्यांना खापरीचं काय कौतुक!

ऑरेंज लाइनचं हे दक्षिणेचं टोक. गाडी इथूनच सुटते, म्हणजे रिकामी मिळते. दोन भरलेल्या पिशव्या घेऊन जाणाऱ्या बाईला यापेक्षा जास्त काय पाहिजे? खिडकीशी बसा, पिशव्या पायाशी घ्या. कोणी ‘सरका जरा’ म्हणत नाही. विमानतळाच्या पुढे गर्दी चढायला लागते, तोवर आपलं बूड टेकलेलं असतं. इथले रूळही जमिनीवरच आहेत. पुढची दोन स्टेशनंही तशीच, मग गाडी हळूहळू खांबांवर चढते.

आत जाताना सामान मशीनमधून काढावं लागतं. एकदा पाकिटाचा जोड कुठंतरी उसवला होता आणि पट्ट्यावर हळदीचा हा एवढा पिवळाजर्द पट्टा उमटला. मला वाटलं, आता ओरडा बसणार. तिथल्या पोरीनं बोट लावून वास घेतला आणि म्हणाली, “काकू, घरची आहे काय?” म्हटलं, “हाव, वायगावची.” आमच्या वायगावच्या हळदीला भौगोलिक मानांकन आहे, तेही सांगून टाकलं. तिनं फडक्यानं पट्टा पुसला, पण डाग काही पुरता निघाला नाही. पाव किलोचं एक पाकीट तिथंच खपलं असतं, पण ड्युटीवर असताना घेता येत नाही म्हणाली. तेव्हापासून पाकिटं स्टीलच्या डब्यात भरून नेते. तुम्हीही पीठ, तिखट, हळद नेत असाल तर तसंच करा, पिशवीचा भरवसा धरू नका.

आता पैशाचं बोलते, कारण खरी मेख तिथं आहे. 17 मार्च 2023 पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट आहे. मेट्रोत पूर्ण. म्हणजे खापरीला उतरून एसटीचे जे थोडेफार वाचतात, त्यात मेट्रोचं तिकीट निघत नाही, वर ऑटोचे वेगळे. पुरुषांना हिशेब थोडा बरा पडत असेल, आम्हाला तोट्याचाच. सासूबाई पंच्याहत्तरीच्या पुढच्या, त्यांना एसटी फुकट. त्यांना एकदा हौसेनं म्हटलं, चला मेट्रोनं. तर म्हणाल्या, “फुकटची गाडी सोडून पैशाच्या गाडीत काहून बसू व मी?” यावर माझ्याजवळ उत्तर नव्हतं. अजूनही नाही.

तरी मी मेट्रोनं जाते ते वर्धा रोडमुळे. चिंचभवन ओलांडलं की एसटी सिग्नल-सिग्नल खेळायला लागते. मेट्रो त्याच रस्त्याच्या डोक्यावरून जाते. खाली रस्ता, मधे उड्डाणपूल, सगळ्यात वर आपण. 3.14 किलोमीटरचा हा दुमजली पूल गिनीज बुकात गेलाय. छत्रपती चौकातला जुना पूल यासाठीच 2016 मध्ये पाडला होता, तेव्हा आम्ही लोकांनी ‘चांगला पूल काहून पाडला’ म्हणून नावं ठेवली होती. आता वरून खालची रांग बघताना मजा येते, खोटं काहून बोलू! सीताबर्डीला ऑरेंज सोडून मेट्रोची दुसरी लाइन, ॲक्वा, धरायची. झाशी राणी, इन्स्टिट्यूशन ऑफ इंजिनिअर्स, की लगेच शंकरनगर. पूर्वी गणेशपेठहून हेच अंतर ऑटोवाल्याशी हुज्जत घालत काटायची. इतवारीत माल द्यायचा असेल तर त्याच लाइननं उलट्या दिशेला चितारओळीला उतरा.

खापरीची अडचण स्टेशनच्या बाहेर आहे. जलद एसटी तिथं थांबेलच असं नाही. बुटीबोरी येण्याआधीच कंडक्टरदादांना सांगून ठेवा आणि पुढे दाराजवळ येऊन उभ्या राहा. हायवेवर उतरलं की ऑटोवाला येतोच. “काकू, मेट्रोले चालता काय?” किती विचारलं की “द्या जे द्याचे ते.” असं म्हणणाऱ्याच्या ऑटोत बसायचंच नाही. आधी आकडा वदवून घ्यायचा, मगच पाय आत ठेवायचा. सिंदी-बोरखेडीकडच्यांचं नशीब यात चांगलं. त्यांची पॅसेंजर खापरी रेल्वे स्टेशनवर थांबते आणि मेट्रो तिथून जवळ आहे. वेळ जमली तर त्यांच्यासारखं सुख नाही.

येताना मात्र मी खापरीला उतरत नाही. संध्याकाळी जामकडे जाणारी प्रत्येक गाडी गणेशपेठलाच भरून निघते. खापरीला हात दाखवला आणि गाडी थांबली तरी दांड्याला लटकून यावं लागतं, आणि अंधार पडल्यावर हायवेवर बाईमाणसानं किती वेळ ताटकळत राहावं? म्हणून ॲक्वानंच कॉटन मार्केटला उतरते, गणेशपेठ स्टँड गाठते, अर्ध्या तिकिटात जागेवर बसते आणि जाम येईपर्यंत झोपते.

मेट्रोच्या दुसऱ्या टप्प्यात खापरीची ऑरेंज लाइन बुटीबोरी एमआयडीसीपर्यंत न्यायची आहे. डिसेंबर 2022 मध्ये केंद्रानं त्याला मंजुरी दिली. कन्हान, हिंगणा आणि कापसीकडची वाढ धरून तो सगळा टप्पा 43.8 किलोमीटरचा. बुटीबोरीला झाडून सगळ्या गाड्या थांबतात, कारखान्यात जाणारी आमच्याकडची पोरंही तिथंच उतरतात. मेट्रो तिथवर आली की खापरीच्या ऑटोची कटकटच उरणार नाही. फक्त रिकाम्या गाडीतली खिडकी मग बुटीबोरीवाल्यांची. त्याआधीच्या स्टेशनवर चढणाऱ्यांनी आपलं बघून घ्यावं.

तोवर सकाळच्या खापरीला पाचपैकी चार. संध्याकाळच्या फेरीला मार्क देत नाही, कारण मी तिकडून येतच नाही.