होडीचा इंधनकाटा भरवशाचा नसेल तर: जुना सेन्डर, नळीचा सेन्डर, फ्लो मीटर की मापपट्टी?

औटबोर्ड, म्हणजे होडीच्या मागे बाहेर लटकणाऱ्या, इंजिनाला सुटी टाकी जोडणाऱ्यांना हा प्रश्न फारसा पडत नाही, कारण टाकी उचलली की अंदाज येतो. टाकी तळाशी पक्की बसवलेली असेल, तर मात्र सारी भिस्त काट्यावर. तो बिघडला की बहुतेक मालक आधी मीटरच बदलतात. दोष बहुधा तिथे नसतो.

म्हणून खर्चाआधी एक चाचणी करावी. इंजिन बंद आणि किल्ली चालू ठेवून मीटरमागची सेन्डरची, म्हणजे टाकीतली पातळी मोजून मीटरला कळवणाऱ्या भागाची, वायर सोडवावी; ती बहुधा गुलाबी असते. सेन्डरचा विद्युत रोध रिकाम्या टाकीला २४० आणि भरलेलीला ३३ ओहम धरणाऱ्या अमेरिकी पद्धतीत काटा रिकाम्यावर यायला हवा आणि मीटरचे तेच टोक क्षणभर अर्थला (बॅटरीच्या ऋण टोकाच्या जोडणीला) लावताच भरलेल्यावर जायला हवा. १० ते १८० ओहमच्या युरोपीय पद्धतीत नेमके उलटे घडते. काटा असा दोन्हीकडे गेला तर मीटर ठीक आहे आणि शोध वायर, अर्थ व सेन्डर यांच्याकडे वळवावा. पेट्रोलची वाफ साठते, त्यामुळे ही जोडणी टाकीपाशी करू नये आणि आधी कप्पे उघडून हवा खेळू द्यावी.

जुना, दांडीच्या टोकाला तरंगणारा फ्लोट असलेला सेन्डर दुरुस्त करणे सर्वांत स्वस्त. तो बाहेर काढून रोध मोजायला मल्टिमीटर लावावा आणि दांडी हळूहळू वर न्यावी. आकडा सलग बदलत गेला, तर फक्त टर्मिनलवरचा गंज घासून आणि अर्थ नीट करून काम भागते. आकडा मध्येच उडी मारत असेल, तर आतली रोधक तार झिजली आहे आणि खाऱ्या हवेत ती साफ करत बसण्यात अर्थ नाही.

अशा वेळी नळीचा सेन्डर घ्यावा. त्याच्या स्टेनलेस नळीवर चुंबकाचा फ्लोट सरकतो, विजेचे भाग आत बंद राहतात आणि गंजाला वाव उरत नाही. काटा टप्प्याटप्प्याने हलतो, हा उणेपणा मी किरकोळ मानतो. मात्र नळीची लांबी टाकीच्या खोलीनुसार लागते आणि ओहमची पद्धत मीटरशी जुळावी लागते. नाहीतर भरलेली टाकी रिकामी दिसेल.

फ्लो मीटर वेगळीच गोष्ट सांगतो. तो टाकीत काय आहे हे पाहत नाही, इंजिनाने काय जाळले ते मोजतो. त्यामुळे लाटांनी तो फसत नाही, पण भरलेले लिटर नोंदवायला विसरलात किंवा टाकी गळत असेल, तर त्याला पत्ताही लागत नाही. दूर जाणाऱ्याने तो सेन्डरच्या जोडीला घ्यावा, त्याच्या जागी नव्हे.

टाकीला वरून सरळ तोंड असेल तर मापपट्टी हवीच. होडी पाण्यावर समतल असताना रिकाम्या टाकीत दहा-दहा लिटर ओतून प्रत्येक वेळी खूण करावी. तळ निमुळता असेल तर खालच्या खुणा एकमेकींपासून लांब आणि वरच्या जवळजवळ पडतात. काटा अर्ध्यावर असताना इंधन अर्ध्याहून कमी का असते, तेही त्यावरून कळते. किनाऱ्याजवळ फिरणाऱ्याला नळीचा सेन्डर आणि ही पट्टी एवढे पुरते, बशर्ते जाण्यास एक तृतीयांश, येण्यास एक तृतीयांश आणि उरलेले राखीव हा हिशेब तो पाळत असेल.