कार्बोरेटर गळतोय? गणेशपूर रोडच्या या मिस्त्रींना आधी दाखवा

जुनी, कार्बोरेटरची (म्हणजे पेट्रोल-हवा मिसळून इंजिनात सोडणाऱ्या भागाची) गाडी चालवणाऱ्या बेळगावकरांनी हे गॅरेज माहीत करून घ्यावं. १ एप्रिल २०२० पासून धुराचा बीएस-६ नियम आला, नव्या बहुतेक गाड्या कार्बोरेटरऐवजी पेट्रोल फवारणाऱ्या इंजेक्शनच्या झाल्या आणि कार्बोरेटर नीट उघडून बघणारे हात कमी झाले. उघडायचा कंटाळा आला की सरळ 'नवीन घाला' म्हणतात.

माझी २००९ ची स्प्लेंडर प्लस. बेळगुंदीहून पहाटे दुधाचे कॅन बांधून शहरात यायचं, त्यामुळे गाडीला सुट्टी परवडत नाही. रात्री लावलेल्या गाडीखाली सकाळी पेट्रोलचा डाग दिसायचा आणि सगळ्या गोठ्याला वास. एका दुकानात गाडी न उघडताच नव्या कार्बोरेटरचे दोन हजारांच्या वर सांगितले.

या मिस्त्रींनी आधी टाकीखालचा पेट्रोलचा कॉक बंद केला, कार्बोरेटर बाहेरून पुसून कोरडा केला, खाली वर्तमानपत्र घातलं आणि मग कॉक उघडला. "काका, आधी कुठनं गळालंय ते बघूया की. बदलायचं काय ते मग ठरवूया." कार्बोरेटरच्या खाली पेट्रोल साठायची वाटी असते, तिचा सांधा कोरडा राहिला, निचऱ्याचा स्क्रूही कोरडा. थेंब आला तो ओव्हरफ्लोच्या नळीतून. म्हणजे वाटीच्या सांध्यातलं गॅस्केट चांगलं होतं. वाटीतला तरंगता फ्लोट वर आल्यावर निडलने, म्हणजे सुईसारख्या झडपेने, पेट्रोल बंद व्हायला पाहिजे, ते होत नव्हतं.

वाटी काढली तर तळाला तांबूस गाळ, टाकीतल्या गंजाचा. फ्लोट कानाजवळ धरून हलवला, मग गरम पाण्यात बुडवला. भोक असतं तर बुडबुडे आले असते. तो शाबूत निघाला. मग निडल माझ्या हातात दिली आणि टोकावरून नख फिरवायला सांगितलं. रबरी टोकाला गोल खाच पडली होती, नख तिथे चक्क अडकलं. दोष असा ग्राहकाच्या हातात ठेवणारा मिस्त्री मी तरी दुसरा पाहिला नाही.

नवी निडल घातली, ती बसते ती जागा कापसाने पुसून घेतली. जोडण्याआधी पेट्रोलच्या तोंडाला नळी लावून फुंकलं: फ्लोट खाली असताना हवा जाते, बोटाने वर उचलला की बंद. तेही मला करून बघायला लावलं.

नंतर न सांगता इंजिन ऑइलची पट्टी काढून वास घेतला. गळणारं पेट्रोल कधी सिलिंडरमधून ऑइलमध्ये उतरतं, ऑइल पातळ होतं आणि इंजिन झिजतं. माझ्या ऑइलला वास होता, म्हणून तेही बदललं. गळती थांबवून ऑइल तसंच ठेवलं असतं तर मला कळलंही नसतं. या एका गोष्टीसाठी मी त्यांना मानतो.

आता पंपावर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. आपल्याकडे चिकोडी-अथणीकडचा ऊस बघता इथेनॉलचं नवल नाही, पण ते ओलावा ओढतं आणि जुन्या गाड्यांच्या रबराला मानवत नाही. म्हणून मिस्त्रींनी पेट्रोलची कडक झालेली नळी बदलून मधे छोटा फिल्टर बसवला. मुक्कामाला कॉक बंद करायचा, हेही बजावलं.

ऑइल, निडल, नळी, फिल्टर धरून नव्या कार्बोरेटरच्या निम्मेही पैसे झाले नाहीत. जुनी निडल कागदात गुंडाळून परत दिली.

उणीवही सांगतो. माणूस एकटा, त्यामुळे गर्दी असली की गाडी ठेवून जावं लागतं. छप्पर अपुरं आहे, पावसाळ्यात उघडलेल्या कार्बोरेटरवर पाणी उडायची भीती वाटते. ते त्यांनी वाढवायलाच हवं. बिल मागितल्याशिवाय मिळत नाही. मराठी, कन्नड दोन्ही सहज बोलतात, तेव्हा समजावून घ्यायला कुणालाच अडचण नाही. इंजेक्शनची गाडी मात्र ते घेत नाहीत, तसं आधीच सांगतात. सकाळी लवकर गेलात तर नंबर लागतो.