टीएफ-सीबीटी की डीडीपी : आधी कोणतं प्रशिक्षण घ्यावं?

टीएफ-सीबीटी म्हणजे आघात सोसलेल्या मुलांसाठीची, विचार आणि वर्तनावर काम करणारी उपचारपद्धती. डीडीपी म्हणजे मूल आणि पालक यांच्या नात्यातून काम करणारी उपचारपद्धती. बालगृहातले समुपदेशक या दोहोंत हमखास अडकतात. माहितीपत्रकातली विशेषणं बाजूला ठेवून बघू.

वेळ : टीएफ-सीबीटीत ऑनलाइन पाठ, दोन दिवसांची कार्यशाळा, मग काही महिने तज्ज्ञांशी सल्लामसलत आणि तीन पूर्ण केसेस, प्रत्येकीत मुलाचा त्रास मोजणाऱ्या प्रमाणित प्रश्नावलीसह. डीडीपीचे दोन टप्पे, प्रत्येकी 28 तासांचे. पुढे प्रमाणपत्र हवं तर स्वतःच्या सत्रांचे व्हिडिओ तपासून घ्यावे लागतात. खर्च वाढतो तो इथेच. टीएफ-सीबीटीचं प्रमाणपत्र पदव्युत्तर पदवी आणि व्यावसायिक परवाना मागतं, तेव्हा पैसे भरण्याआधी पात्रता विचारून घ्या.

पुरावा : टीएफ-सीबीटीचं पारडं सरळ जड. यादृच्छिक चाचण्या (मुलांचे गट चिठ्ठी टाकल्यासारखे पाडून केलेली तुलना) भरपूर. डीडीपीच्या बाबतीत असा पुरावा फारच तोकडा.

प्रत्यक्ष काम : टीएफ-सीबीटी साधारण 12 ते 16 सत्रांचं. मूल घडलेली घटना हळूहळू शब्दांत मांडतं. चूक होते ती इथे : समुपदेशकच घाबरतो आणि श्वासाच्या व्यायामातच आठवडे घालवतो. मुलाला कळतं, हा विषय मोठ्यांनाही झेपत नाही. डीडीपीत आधी पालकाची तयारी, मुलाशिवाय. ती घाईत उरकली तर सत्रात पालक ‘खोटं का बोललास?’ विचारतो आणि मूल लाजेनं मिटून जातं. शिवाय काळजीवाहक पाळीनुसार बदलत असतील, तर नातं बांधायचं कुणाशी?

एखादा ठरावीक आघात, लैंगिक अत्याचार किंवा हिंसा, आणि सत्रं मोजकीच : टीएफ-सीबीटी. दत्तक वा प्रतिपालक कुटुंब, लहानपणापासूनची हेळसांड, सोबत टिकणारं एक माणूस : डीडीपी.